डबलबारी, रॅप आणि कानाला लागणारा वेळ

मे महिन्यात कणकवलीजवळच्या एका गावात पोरांनी रॅप बॅटल, म्हणजे तालावर यमकं फेकत एकमेकांवर मात करायची चढाओढ ठेवली होती. तिघा परीक्षकांत मी एक. देवळासमोरचं तेच पटांगण, जिथे जत्रेला डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना रंगतो. अंतिम फेरीत दोघे उरले. पहिल्याचं लिखाण खरोखर सरस. त्याची एक ओळ मी नंतर त्याच्या वहीत वाचली: ‘वाडा गेला, वारा उरला, वाळा मोडून भात शिजला.’ एका घराण्याची अख्खी पडझड ड, र आणि ळ या तीन अक्षरांवर तोललेली. दुसऱ्याची ओळ साधीच: ‘होडी रंगवलेली, वल्ही नवी, पण ती उभी... अंगणात!’ पटांगण उसळलं. आम्ही तिघांनीही कौल दुसऱ्याला दिला.

पहिला पोरगा खाली उतरून थेट माझ्याकडे आला. “सर, माजां लिवलेलां वायट होतां काय?”

वाईट मुळीच नव्हतं. मग हरला का, हे त्याला नीट सांगणं माझं काम होतं. घरी येऊन मोबाइलवरचं रेकॉर्डिंग मी पुन्हापुन्हा ऐकलं. वाड्याची ती ओळ उच्चारात पंधरा अक्षरांची. त्याने ती दोन सेकंदांत संपवली होती, म्हणजे सेकंदाला साडेसात अक्षरं. आपण गप्पा मारताना साधारण चार-पाच बोलतो. दुसरा मात्र ‘अंगणात’च्या आधी जवळपास अर्धा सेकंद गप्प उभा होता.

या अर्ध्या सेकंदाचं मोल मेंदूत आहे. वाचताना डोळा मागच्या ओळीवर परत जाऊ शकतो, कानाला ती सोय नाही. ऐकलेलं बोलणं मेंदू तुकड्यातुकड्यांनी उचलतो. श्रवणकेंद्रातल्या सेकंदाला चार ते आठ वेळा उठणाऱ्या विद्युतलहरी बोलण्याच्या चढउताराशी जुळवून घेतात. बोलणं त्या चालीच्या पुढे धावलं की तुकडे निसटायला लागतात. ओडेड गित्झा आणि स्टीव्हन ग्रीनबर्ग या संशोधकांनी 2009 मध्ये याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी रेकॉर्ड केलेली वाक्यं तिप्पट वेगाची केली, तेव्हा ऐकणाऱ्यांचे निम्म्याहून जास्त शब्द चुकले. मग त्याच घाईच्या बोलण्यात थोड्याथोड्या अंतराने नुसती शांतता पेरली. एकही अक्षर हळू केलं नव्हतं, तरी चुका झपाट्याने उतरल्या. कानाला हवी होती ती उसंत, जादा आवाज नव्हे.

आमच्याकडच्या बुवांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. डबलबारीत बुवा समोरच्या बुवाला सवाल टाकतो आणि थांबतो. मग कोरस तीच ओळ उचलतो, झांजा वाजतात, पखवाज बोलतो. ओळ दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कानावर पडते, तोवर मागच्या रांगेतल्या आजीलाही सवाल कळलेला असतो. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्यात, म्हणजे शाहिरांच्या सवाल-जवाबातही, शाहिराची ओळ मागची मंडळी झेलतात. रॅपवाल्याच्या पाठीशी कोणी नसतं. ती सगळी उसंत त्याला स्वतःच्या श्वासातून काढावी लागते.

त्यात पटांगणाची भर. त्या रात्री एक कर्णा व्यासपीठावर होता, दुसरा वीसेक मीटरवरच्या माडाला बांधलेला. आवाज सेकंदाला सुमारे 346 मीटर जातो, म्हणजे एका कर्ण्याजवळ बसलेल्याला दुसऱ्याचा आवाज सेकंदाच्या सतराव्या भागाएवढा उशिरा येतो. इतका उशीर झाला की कान दोन आवाज एकजीव करत नाही आणि शब्दावर शब्द चढतो. यात स्वर तगतात, कारण ते लांब आणि जोरकस असतात. व्यंजनं क्षणभराची, नाजूक, ती बुडतात. वाडा, वारा, वाळा यांतले दोन्ही ‘आ’ सगळ्यांना ऐकू आले. ड, र, ळ मात्र माडांतच राहिले. गंमत जिच्यात होती तीच गेली.

म्हणून सादरीकरणाला जास्त गुण देणं म्हणजे लिखाणाचा अपमान, हे मला पटत नाही. 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कूल मो डी या रॅपरने गर्दी खेळवणाऱ्या बिझी बी या रॅपरवर गच्च बांधलेल्या ओळींनी चढाई केली. गर्दी खेळवण्यापेक्षा लेखणी मोठी, याचा दाखला म्हणून ती बॅटल आजही सांगतात. मला ते मान्य आहे. लेखणी जिंकते, पण ती पोचली तर.

माझी खरी धास्ती डोळ्यांची आहे. संशोधक चिया-जुंग त्साय यांनी 2013 मध्ये शास्त्रीय संगीत स्पर्धांमधल्या शेवटच्या तिघांच्या छोट्या चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि विजेता ओळखायला सांगितलं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येईल. आवाज बंद करून फक्त चित्र पाहणाऱ्यांना विजेता साधारण निम्म्या वेळा ओळखता आला. नुसतं ऐकणाऱ्यांना अंदाजापलीकडे जाता आलं नाही. व्यावसायिक संगीतकारांचंही तेच झालं, आणि आपण आवाजावरूनच ठरवतो असं त्यांतले बहुतेक सांगत होते. थांबणं, फेक, उच्चार हे सादरीकरण कानाचं आहे, त्याला गुण द्यावेतच. रुबाब, हातवारे, टोपी हे परीक्षकाच्या निकालात चोरून शिरतं. आता मी पहिली फेरी मान खाली घालून ऐकतो आणि पुढचा बोलायच्या आत आकडा लिहून टाकतो.

त्या पोराला मी हे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने वही उघडून ओळ पुन्हा म्हटली. वाडा गेला. थांबला. वारा उरला. थांबला. मग पुढच्या दोन ओळींवर त्याने स्वतःच काट मारली, कारण आता तेवढा वेळ उरत नव्हता.