बुटके खांब, उंच छप्पर: कोर्दोबाच्या डबल कमानींचा जुगाड

स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशीद-कॅथेड्रलचा (आधी मशीद, नंतर कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च) फोटो कुठेतरी पाहिलाच असेल तुम्ही, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, नुसत्या रांगाच रांगा. आज तिथे 856 खांब आहेत. पण गंमत म्हणजे एवढं देखणं डिझाइन बहुतेक एका अडचणीतून सुचलंय, खांब कमी पडले, संख्येने नाही हो, उंचीने.

785 च्या सुमारास कोर्दोबाचा अमीर (मुस्लिम राजा) पहिल्या अब्द अल-रहमानने मशिदीचं काम काढलं तेव्हा जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतरचे तिथले राज्यकर्ते) इमारतींचे खांब उचलून आणले (आपल्याकडे वाडा पाडला की सागवानी खांब कुणाच्या तरी फार्महाऊसला लागतात ना, तसंच). आता सेकंडहँड माल म्हटल्यावर मापं कुठून जुळणार, आणि एवढ्या मोठ्या हॉलला छप्पर खाली घेतलं असतं तर आत जीव गुदमरला असता. मग खांबाच्या डोक्यावर चौकोनी दगडी पिलर चढवला. पण बारीक खांबावर जाड पिलर म्हणजे डोक्यावर भरला हंडा घेऊन उभं राहण्यासारखं, जरा धक्का लागला की कललंच.

इथे दोन कमानी कामाला येतात. वरची अर्धगोल कमान भिंत आणि छप्पर पेलते, शिवाय दोन छपरांमधलं पावसाचं पाणी नेणारी पन्हळ त्याच भिंतीच्या माथ्यावरून जाते. खालची, घोड्याच्या नालाच्या आकाराची कमान मात्र छपराचा भार घेतच नाही, तिच्या डोक्यावर मोकळी हवा आहे! ती फक्त शेजारच्या दोन पिलरना मधेच धरून ठेवते, कलू देत नाही. दगडाला दाब चालतो, ताण नाही, कमान वजनाचा दाब करते खरी पण त्या बदल्यात दोन्ही बाजूंना ढकलते, आणि रांगेत शेजारशेजारच्या कमानींचं हे ढकलणं एकमेकांत कॅन्सल होतं, टोकाला जे उरतं ते बाहेरच्या जाड भिंतीच्या गळ्यात. स्पेनमधल्याच मेरिदा शहराच्या रोमन जलसेतूतही अशाच मजल्यावर मजला कमानी आहेत, आयडिया तिथूनच आली असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

पुढे 1523 मध्ये या खांबांच्या मधोमध कॅथेड्रलचं काम सुरू झालं, त्यासाठी बऱ्याच कमानी गेल्या, मला तरी ते खटकतंच.

आणि पट्टे? लाल ते विटांचे, पांढरे ते दगडाचे. निदान सुरुवातीला तरी. 987 च्या सुमारास तिथल्या खलिफाचा ताकदवान प्रधान अल-मन्सूर याने मशीद वाढवली तेव्हा कमानी अख्ख्या दगडाच्याच केल्या आणि विटांच्या जागी चक्क लाल रंग मारला.