दोन पेशींमधली दीड नॅनोमीटरची वाट

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा हुकूम मेंदूकडून येतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. प्रत्यारोपणात हृदयाकडे येणारे चेतातंतू कापले जातात, तरीही ते नव्या शरीरात धडधडतं. ठोका उगम पावतो उजव्या अलिंदातल्या (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातल्या) सायनस नोड या पेशींच्या पुंजक्यात. पण हृदयाच्या स्नायूंतल्या प्रत्येक पेशीपर्यंत काही स्वतंत्र तंतू पोचलेला नसतो. मग त्या सगळ्या एका लयीत आकुंचन कशा पावतात?

शेजारच्या दोन पेशींमध्ये साधारण २०-३० नॅनोमीटरची फट असते (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). काही ठिकाणी मात्र ती २ ते ४ नॅनोमीटरवर येते. हे ‘गॅप जंक्शन’. इथे कनेक्सिन या प्रथिनाचे सहा रेणू गोल रिंगण धरून पेशीपटलात अर्धी नळी उभारतात, समोरची पेशी उरलेली अर्धी उभारते आणि दोन्हींची तोंडं घट्ट जुळतात. मधलं भोक जेमतेम दीड नॅनोमीटरचं. त्यातून आयन (विद्युतभार असलेले कण) आणि लहान रेणू जातात; प्रथिनं, डीएनए अलीकडच्या बाजूलाच अडतात. आयनांबरोबर विद्युतसंकेत थेट शेजारणीत उतरतो, तिच्याकडून पुढचीत.

आणि ही वाट बंदही होते! मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. पेशी जखमी झाली की ते आत लोटतं, आणि वाढलेल्या कॅल्शियममुळे कनेक्सिनच्या नळ्या मिटतात. मरणारी पेशी एकटी पडते, शेजारणी वाचतात. हृदयाच्या पेशी एकत्र जगतात पण एकेकट्या मरतात, हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमन यांनी १८७७ मध्येच ओळखलं होतं. नळ्या दिसायला पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. शिवाय हृदयातलं कनेक्सिन-४३ (कनेक्सिनचा एक प्रकार) काही तासांतच मोडीत निघतं आणि नवं बसतं. म्हणजे ही जोडणी अखंड चालू असते.

याच कुळातलं कनेक्सिन-२६ अंतर्कर्णात लागतं. त्याच्या जनुकातला दोष हे जन्मजात बहिरेपणाचं एक मोठं कारण आहे, हे १९९७ मध्ये कळलं. आपल्याकडे मात्र गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून मूल असं झालं, असा ठपका आजही आईवर येतो. हा निव्वळ अन्याय आहे. बहुतेकदा आई-वडील दोघांनाही नीट ऐकू येत असतं. प्रत्येकाकडून जनुकाची एकेक सदोष प्रत आलेली असते. अशा मुलांची श्रवणचेता सहसा शाबूत असते, म्हणून कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे या चेतेला थेट विद्युतसंकेत देणाऱ्या, शस्त्रक्रियेने बसवलेल्या उपकरणाचा, त्यांना चांगला उपयोग होतो. तो वेळेत बसवता यावा म्हणून बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच व्हायला हवी.