एकदा पंप घेऊन दाखवाल का?

इनहेलर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दम्याचा पंप न्यायला आलात की काउंटरवरचा फार्मासिस्ट तुम्हाला हा प्रश्न विचारेल. काहींना तो रुचत नाही. "अहो, दहा वर्षं घेतोय," असं म्हणत ते पाकीट काढतात. तरी आम्ही विचारतोच. कारण "पंप घेता येतो का?" असं विचारलं की प्रत्येक जण "येतो" म्हणतो, आणि खरं काय ते पंप हातात घेतल्यावरच कळतं.

१९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतले १४४ अभ्यास संशोधकांनी एकत्र करून पाहिले. त्यांत मिळून चोपन्न हजारांहून जास्त लोकांचं निरीक्षण झालं होतं. पंप बरोबर घेणारे निघाले ३१ टक्के, आणि इतक्या वर्षांत त्यात काही सुधारणा झालेली दिसली नाही. दोष फक्त रुग्णांचा नाही. शिकवणाऱ्या डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट मंडळींना पंप घेऊन दाखवायला सांगितलं तेव्हा त्यांच्यातलेही बरेच जण चुकले होते. आमचंच सांगायचं तर, सरावाच्या बिनऔषधी पंपावर आम्ही पहिल्यांदा एकमेकांची परीक्षा घेतली, तेव्हा एक जण पंप हलवायलाच विसरला आणि दुसऱ्याने आधी श्वास सोडलाच नाही. पायऱ्या दोघांनाही तोंडपाठ होत्या! तेव्हापासून ही परीक्षा आम्ही दर महिन्याला घेतो. पोहण्याचं पुस्तक वाचून पोहता येत नाही, तसंच हे आहे.

एवढी उठाठेव कशासाठी?

साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात तेच औषध साधारण १०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे लहान गोळीचा विसावा हिस्सा. इतकंसं औषध पुरतं, कारण ते थेट श्वासनलिकांत पोचतं. म्हणूनच हात-पाय थरथरणं, छातीत धडधडणं हे त्रास गोळीपेक्षा कमी होतात. पण औषधाचे कण फुफ्फुसात खोलवर जायचे तर ते साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवेत आणि श्वासाचा वेगही योग्य हवा. मोठे किंवा फार वेगाने आलेले कण घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच चिकटतात. साधा स्प्रेचा पंप अगदी नीट घेतला तरी दहा-वीस टक्क्यांच्या आसपासच औषध फुफ्फुसात उतरतं. त्यात चूक झाली की उरतं काय?

मग होतं असं की धाप थांबत नाही, डॉक्टर डोस वाढवतात किंवा नवं औषध जोडतात, आणि मूळ औषध बिचारं घशातच अडकलेलं असतं.

स्प्रेचा पंप

हा घ्यायला सगळ्यांत अवघड. रायकर लॅबोरेटरीज या अमेरिकी कंपनीने तो १९५६ मध्ये बाजारात आणला. कंपनीच्या प्रमुखांच्या दमा असलेल्या मुलीने "माझं औषध केसांच्या स्प्रेसारखं का नाही मिळत?" असं विचारलं आणि तिथून सुरुवात झाली, असं सांगतात. मुलीची कल्पना छानच होती. फक्त केसांवर स्प्रे मारताना श्वास जुळवावा लागत नाही.

टोपण काढा आणि आत डोकावून बघा. हे गमतीने सांगत नाही. बिनटोपणाचा पंप खिशात किंवा पिशवीत पडला की नाण्यासारखी वस्तू आत शिरून बसते आणि पुढच्या श्वासाबरोबर ओढली जाते. अशा घटनांची वैद्यकीय नियतकालिकांत नोंद आहे. पंप नीट हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी काही दाब हवेत सोडावे लागतात. किती, ते सोबतच्या कागदावर असतं, नाहीतर आम्हाला विचारा.

आता श्वास बाहेर सोडा, सावकाश, छाती हलकी होईपर्यंत. ही पायरी बहुतेक जण गाळतात. भरलेल्या भांड्यात आणखी काय ओतणार? मग पंपाचं तोंड दातांच्या मध्ये धरून ओठ घट्ट मिटा, जीभ खाली ठेवा, हनुवटी किंचित वर. श्वास हळू आत घ्यायला लागा आणि लागताच डबी एकदा दाबा. दाबल्यावर थांबू नका, तोच श्वास चार-पाच सेकंद खोल ओढत राहा. मग पंप काढून तोंड मिटा आणि दहापर्यंत मोजा. दहा जमत नसतील तर जमतील तितके. दुसरा पफ घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट जाऊ द्या आणि पुन्हा हलवण्यापासून सुरुवात करा. दोन दाब एका श्वासात उरकू नका.

आमची नजर कुठे असते तेही सांगून टाकतो. ओठांच्या कडेने, नाकातून किंवा डबीच्या वरून धुकं निघालं की हात आणि श्वास यांची गाठ पडली नाही हे लगेच कळतं. आरशासमोर उभं राहिलात तर तुम्हालाही दिसेल. दुसरी नेहमीची चूक म्हणजे श्वास झटक्यात ओढणं. धाप लागलेला माणूस घाईत असतो, त्यामुळे ती समजण्यासारखी आहे, पण या पंपाला घाई चालत नाही.

पावडरचा पंप: इथे सगळं उलटं

कोरड्या पावडरच्या पंपात ढकलणारा वायू नसतो. पावडर फोडून उडवण्याचं काम तुमच्या श्वासाचंच. म्हणून इथे पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढायचं. हलवायचं नाही. श्वास आधी सोडायचा, पण तोंड बाजूला वळवून, कारण पंपात फुंकर गेली की तोंडातल्या ओलाव्याने पावडरचे गोळे होतात. शेवटी श्वास रोखून धरायचा, तो इथेही तसाच.

कॅप्सूलवाल्या यंत्रात कॅप्सूल नीट फुटली आहे ना ते पाहा आणि ओढून झाल्यावर उघडून बघा. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. ती कॅप्सूल गिळायची नाही. हसू नका. दिसायला ती इतर कॅप्सूलसारखीच असते, आणि कोणी सांगितलंच नाही तर माणूस पाण्याबरोबर गिळणारच.

खरा घोटाळा होतो डॉक्टर एका प्रकारावरून दुसऱ्यावर नेतात तेव्हा. औषध तेच, पण कालपर्यंत हळू ओढायचं होतं आणि आजपासून जोरात. सवय जुनीच राहते. चिठ्ठीवर यंत्र बदललेलं दिसलं तर आम्ही तुम्हाला थांबवून ते शिकवूनच देऊ. गर्दी असली तरी.

स्पेसर

स्प्रेचा दाब आणि श्वास यांची गाठ पडत नसेल तर मध्ये स्पेसर लावा. या पोकळ नळकांड्यात फवारा क्षणभर थबकतो, मोठे कण भिंतीला चिकटतात आणि बारीक कण तुम्ही निवांत ओढता. स्पेसर म्हणजे लहान मुलांचं किंवा आजी-आजोबांचं साधन, असं मानून अनेक तरुण तो नाकारतात. आमच्या मते स्टेरॉइडचा (श्वासनलिकांची सूज कमी करणाऱ्या औषधाचा) स्प्रे घेणाऱ्या प्रत्येकाने तो वापरावा. एका वेळी एकच दाब मारा आणि लगेच ओढा. एक मोठा श्वास जमत नसेल तर चार-सहा साधे श्वास पुरतात. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कसह द्यावा, आणि मास्क चेहऱ्याला सगळीकडून टेकलेला हवा. रडणाऱ्या मुलाला औषध जास्त जातं हा गैरसमज आहे, उलट फार कमी जातं.

स्पेसर धुताना कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि धुतल्यावर फडक्याने पुसू नका. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. तसाच निथळत ठेवा.

थोडं इतर

स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, घशापर्यंत गुळण्या करा. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो, आणि मग लोक पंपच बंद करतात. तो रोजचा पंप आहे, बरं वाटतंय म्हणून सोडायचा नसतो. पंपाची सवय लागते ही भीतीही सोडा.

पंपात औषध किती उरलं हे पाण्यात तरंगवून बघू नका. ती जुनी युक्ती फसवी आहे आणि पाण्याने नोझल बिघडतं. आकडा दाखवणारा पंप असेल तर आकडा पाहा, नसेल तर किती पफ झाले ते लिहून ठेवा. औषध संपल्यावरही वायू उरतो आणि पंप फुस्स करत राहतो.

आराम देणारा पंप तीन-चार तासही पुरत नसेल, धापेमुळे वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर तंत्र तपासत बसू नका आणि आमच्याकडेही येऊ नका. थेट रुग्णालय गाठा.

काउंटरवर काय होतं

तुम्ही पंप घेऊन दाखवता. आम्ही मध्ये बोलत नाही. मग आमच्या सरावाच्या पंपावर आम्ही करून दाखवतो आणि तुम्ही पुन्हा करता. जी पायरी चुकली होती तेवढीच एका चिठ्ठीवर लिहून तुमच्या पंपाला चिकटवून देतो. ऑस्ट्रेलियात औषध दुकानांतल्या फार्मासिस्टनी असं शिकवलं तेव्हा रुग्णांचं तंत्र आणि दमा दोन्ही सुधारले होते. वेळ लागतो दोन-तीन मिनिटं. डोस मात्र आम्ही बदलत नाही, ते डॉक्टरांचं काम. तंत्र बरोबर असूनही त्रास होत असेल तर तसं लिहून देतो, ते त्यांना दाखवा.

शिकवलेलं चार ते सहा आठवड्यांत पुन्हा निसटायला लागतं, हेही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून पुढच्या वेळीही आम्ही तोच प्रश्न विचारू. येताना स्वतःचा पंप आणि स्पेसर घेऊन या. घरात पंप घेणारं कोणी येऊ शकत नसेल तर त्यांचा पंप घेतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून आणा. समोरून नको, बाजूने काढा, म्हणजे धुकं निसटलेलं दिसतं.