गेसो आणि पांढरा ॲक्रिलिक रंग: कोऱ्या पानावर आधी काय लावावे?

काहीच सुचत नाही अशा दिवशी आर्ट जर्नलचे, म्हणजे चित्रे, कात्रणे आणि मजकूर एकत्र मांडण्याच्या वहीचे, कोरे पान समोर घेऊन बसणाऱ्याला बहुधा एकच सल्ला मिळतो: पानावर आधी पांढरा थर द्यावा आणि पुढे जे होईल ते होऊ द्यावे. सल्ला चांगला आहे, पण हा थर नेमका कशाचा द्यायचा हे सांगणारा क्वचितच भेटतो. रंगसाहित्याच्या दुकानात गेसोची, म्हणजे रंगाखाली द्यायच्या अस्तराची, बाटली आणि पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाची ट्यूब शेजारीशेजारी ठेवलेली असते. दोन्ही पाण्याने पातळ करता येतात, वाळल्यावर दोन्ही पाण्याला दाद देत नाहीत, आणि गिऱ्हाईक ‘पांढऱ्यासारखा पांढरा’ म्हणून त्यांतले हाताला लागेल ते उचलते. मीही कित्येक महिने तसेच केले आणि पेन्सिल पानावरून घसरते याचा दोष पेन्सिलीलाच देत राहिले.

खरे तर गेसोचे पांढरेपण हा त्याचा मुख्य गुण नव्हेच. तसे असते तर बाजारात काळा आणि पारदर्शक गेसो मिळालाच नसता. गेसो हे अस्तर आहे. मूळ इटालियन शब्दाचा संबंध जिप्समशी, म्हणजे प्लास्टरच्या दगडाशी आहे, आणि युरोपातील जुने चित्रकार लाकडी फळीवर रंगवण्याआधी जिप्सम किंवा खडूची पूड जनावरांच्या कातड्यापासून काढलेल्या सरसात कालवून तिचे थरावर थर देत असत. आपल्याकडेही ही युक्ती परकी नाही. ओडिशातील पट्टचित्रांसाठी कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा लेप देऊन ते घोटून घेतात. आज बाटलीत मिळणारा गेसो मात्र सरसाचा नसून ॲक्रिलिकचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या चिकटद्रव्याचा असतो, आणि तो अमेरिकेत हेन्री लेव्हिसन यांच्या कंपनीने १९५५ साली ‘लिक्विटेक्स’ या नावाने बाजारात आणला.

गेसो आणि पांढरा ॲक्रिलिक रंग या दोघांतला फरक घटकांपेक्षा त्यांच्या प्रमाणात आहे. चिकटवणारे द्रव्य दोन्हींत ॲक्रिलिकचेच असते आणि पांढरा रंगही बहुधा टायटॅनियमचाच असतो. पण गेसोत खडूसारखी भुकटी इतकी भरलेली असते की थर वाळला की तिचे कण पृष्ठभागावर डोके वर काढून राहतात आणि त्यांच्यामध्ये बारीक छिद्रे उरतात. त्या कणांवर पेन्सिल, कोळसा आणि सॉफ्ट पेस्टल घासले जातात, तर छिद्रांत ओला रंग थोडासा मुरतो. रंगात भुकटी कमी आणि चिकटद्रव्य भरपूर असल्याने त्याचा थर वाळून एकसंध, बंद पापुद्रा होतो. बोट फिरवून पाहिले तर गेसो पाटीसारखा लागतो आणि ॲक्रिलिक रंग रेनकोटसारखा.

काही न सुचण्याच्या दिवशी हा फरक सर्वांत जास्त जाणवतो, कारण त्या दिवशी आपण आधी ठरवलेले काही कागदावर उतरवत नसतो. पृष्ठभाग काय उत्तर देतो ते पाहून पुढची कृती करत असतो. जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा, दिनदर्शिकेचे फाटके पान, एसटीचे तिकीट असे हाताशी येईल ते पातळ फेव्हिकॉलने पानावर चिकटवावे, ते वाळले की वर थोडा गेसो टाकून निकामी झालेल्या एटीएम कार्डाच्या कडेने तो ओढावा, म्हणजे काही अक्षरे झाकली जातील, काही अर्धी दिसत राहतील आणि जागोजागी बारीक उंचवटे उठतील. अर्ध्या तासाने, पावसाळा असेल तर जरा अधिक थांबून, त्यावर एखादा जलरंग भरपूर पाणी घालून सोडावा. रंग खाचांत साठतो, उंचवट्यांवर फिका पडतो, आणि नको वाटला तर ओल्या फडक्याने बराचसा पुसूनही काढता येतो. उरलेल्या डागात कोणाला डोंगराची कड दिसते, कोणाला गळकी भिंत. दिसेल त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली की पान सुरू झालेले असते. हेच सगळे पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाच्या जाड थरावर केले, तर जलरंगाचे पाणी अळूच्या पानावरच्यासारखे थेंब धरून पळते आणि पेन्सिलीची रेघ पुसट, तुटक उमटते. सुचत नसताना असा पृष्ठभाग समोर असणे म्हणजे मौनव्रत घेतलेल्या माणसाशी गप्पा मारायला बसणे.

याचा अर्थ पांढरा रंग टाकाऊ आहे असा मुळीच नाही. शेवटचे ठळक ठिपके आणि गडद रंगावरची स्वच्छ पांढरी अक्षरे यांसाठी तोच हवा, कारण त्यात रंगद्रव्य दाट असते. गेसोने काढलेली अक्षरे त्याच्यापुढे खडूने लिहिल्यासारखी मळकट दिसतात. शिवाय गेसोच्या खरखरीत थरावर बारीक टोकाची पेने लवकर झिजतात आणि त्यांच्या टोकांत भुकटी जाऊन शाई अडते, म्हणून पानावर बराच मजकूर लिहायचा असेल तर तेवढी जागा कोरी ठेवलेलीच बरी. पांढरा पोस्टर कलर या दोघांच्या रांगेत बसवू नये, कारण तो वाळल्यावरही पाण्याने पुन्हा विरघळतो आणि वरचा प्रत्येक रंग दुधट करून टाकतो.

वही मिटल्यानंतरही या दोघांचा स्वभाव वेगळा राहतो. ॲक्रिलिकचा पापुद्रा उष्णतेने मऊ होतो, त्यामुळे मुंबई-कोकणच्या दमट उन्हाळ्यात समोरासमोरची दोन रंगवलेली पाने एकमेकांना अशी धरतात की सोडवताना एकाचा रंग दुसऱ्यावर निघून येतो. गेसोत भुकटी जास्त असल्याने हा त्रास बराच कमी होतो, तरी दोन पानांमध्ये बटर पेपर घालण्याची सवय दोन्ही बाबतींत ठेवावी. पातळ कागद मात्र दोघांच्याही पाण्याने सारखाच सुरकुततो. वहीची दोन पाने आधी एकमेकांना चिकटवून घेतली की हे सुरकुतणे बरेच आवरते.

गेसो जवळपास मिळत नसेल तर पांढऱ्या ॲक्रिलिक रंगात फेव्हिकॉल आणि चाळलेली खडूची पूड मिसळून, साईइतके दाट झाले की थोडे पाणी घालून, कामचलाऊ अस्तर घरी करता येते. गुठळ्या राहू नयेत म्हणून पूड आधी थोड्या पाण्यात भिजवावी. बाटलीतल्या गेसोइतके ते लवचीक नसते, म्हणून ते वहीच्या शिवणीपाशी लावू नये. पान उघडता-मिटता तिथेच पहिली भेग पडते आणि खडूचा चुरा पुढच्या पानावर सांडत राहतो.