निळा कोट, पिवळे मोजे: क्राइस्ट्स हॉस्पिटलची पार्श्वभूमी

लंडनच्या न्यूगेट स्ट्रीटवरचा ग्रेफ्रायर्स मठ आठव्या हेन्रीने १५३८ साली बंद केला. त्याच वास्तूत नोव्हेंबर १५५२ मध्ये शहरातली सुमारे ३८० निराधार मुले आणून ठेवली, तीच क्राइस्ट्स हॉस्पिटल ही शाळा. जून १५५३ मध्ये सहाव्या एडवर्डने सनद दिली आणि पुढच्या पंधरवड्याच्या आत तो वारला. मुली सुरुवातीपासून होत्या. तान्ह्या बाळांना खेड्यातल्या दायांकडे धाडत.

ईटन आणि विंचेस्टर या इंग्लंडमधल्या नामांकित शाळाही मुळात प्रत्येकी ७० गरीब विद्यार्थ्यांसाठीच निघाली, पण फी भरणाऱ्यांनी ती व्यापली. इथे गरजूंचा हक्क टिकला. या शाळेचे मोठेपण आमच्या मते त्यातच आहे.

गणवेश म्हणजे दान म्हणून मिळालेले कपडे: घोट्यापर्यंतचा निळा कोट, गुडघ्यापर्यंत तुमान, पिवळे मोजे, कमरेला चामडी पट्टा, गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या. निळा रंग स्वस्त पडे. पिवळ्याने उवा-पिसवा दूर राहतात असा समज होता.

दुसऱ्या चार्ल्सने १६७३ मध्ये ४० मुलांसाठी गणित आणि नौकानयनाची वेगळी शाखा काढली. ट्रिनिटी हाउस या नौकानयनविषयक संस्थेची परीक्षा उतरली की मुलगा जहाजावर कप्तानाच्या हाताखाली उमेदवारीला जाई. अनाथ मुलाच्या हाताला थेट कसब देणारी ही सोय काळाच्या फार पुढची होती.

रोजचे जिणे मात्र खडतर. निबंधकार चार्ल्स लॅम १७८२ ते १७८९ इथे होता. त्याने लिहून ठेवल्याप्रमाणे न्याहारीला कोरड्या पावाचा तुकडा आणि लाकडी भांड्यात पातळ बिअर. सोमवारी दुधाची पांचट लापशी, शनिवारी वाटाण्याचे भरड सूप. उकडलेल्या गोमांसाची चरबी मुलांच्या घशाखाली उतरत नसे, खाणाऱ्याला सगळे वाळीत टाकत. पळून जाणाऱ्याला पहिल्यांदा बेड्या, दुसऱ्यांदा जेमतेम अंग टाकता येईल एवढी अंधारकोठडी, तिसऱ्यांदा सर्वांसमोर हकालपट्टी.

१९०२ मध्ये मुलांची शाळा ससेक्समधल्या हॉर्शमजवळ, सुमारे १,२०० एकरांवर गेली. हर्टफर्ड गावी असलेल्या शाखेतल्या मुली १९८५ मध्ये तिथे आल्या. दुपारच्या जेवणाला सारे वसतिगृहवार, बँडच्या तालावर भोजनगृहाकडे संचलन करत जातात. फी पालकांच्या उत्पन्नावरून ठरते आणि काहींना पूर्ण माफ असते. कोट मात्र प्रत्येकाला शाळेकडूनच, विनामूल्य मिळतो.