शेक घेताना: आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

आमच्याकडून गरम पाण्याची पिशवी नेणारे निम्मे लोक निघताना एकच विचारतात, "पाणी उकळतं घालायचं ना?" नाही. चटका बसल्याशिवाय गुण येत नाही, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. ऊबेने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो आणि आखडलेला स्नायू सैल पडतो. त्यासाठी सुखावणारी ऊब पुरते. कातडी भाजली म्हणून स्नायू लवकर सुटत नाही.

पाणी उकळलं असेल तर गॅस बंद करून दहा मिनिटं थांबा, किंवा त्यात थोडं गार पाणी मिसळा. पिशवी दोन तृतीयांशच भरा. मग ती हलकेच दाबून पाणी तोंडापर्यंत आणा, म्हणजे आतली हवा निघून जाईल. झाकण घट्ट लावा आणि मोरीत पिशवी उलटी धरून पाहा. थेंब गळला तर झाकणाचा वायसर गेला, असं समजा. आमच्याकडे या, बदलून देऊ. पिशवीला पंचा किंवा टॉवेल गुंडाळा, उघड्या अंगावर ठेवू नका. पंधरा-वीस मिनिटं पुरे. पिशवी अंगाखाली घेऊन झोपू नका. ती कुशीवर ठेवली तरी डोळा लागू देऊ नका.

मान अवघडली, दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरली, पाठीत उसण भरली, तर शेकाने बरं वाटतं. पाळीत पोट दुखत असेल तरीही. पण पाय आत्ताच मुरगळलाय, सूज चढतेय, तर पहिले दोन दिवस शेक नको. तिथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. जखम, पुरळ किंवा ताप असेल तेव्हाही शेक टाळा. बाम चोळून त्यावर शेक तर मुळीच नको, कातडी भाजते.

घरात मधुमेहाचं माणूस असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. पाय भाजतोय हे कळतच नाही, फोड आल्यावर दिसतं. बधिर पायाला शेक देऊ नये, मोजे घालावेत.

विजेवर तापणारी पिशवी आम्ही विकतो, पण तिची तारीफ करणार नाही. ती घेतलीत तर बटण बंद करून, वायर काढून मगच अंगाला लावा. फुगलेली दिसली तर वापरू नका. साध्या रबरी पिशवीवर खरेदीची तारीख बॉलपेनने लिहून ठेवा. दोन वर्षांनी किंवा रबराला भेगा पडल्या की ती टाका.

शेक झाल्यावर लगेच आडवं होऊ नका. स्नायू सैल असतानाच मान हळूहळू दोन्ही बाजूंना वळवा, खांदे फिरवा. आठवडाभर शेकूनही दुखणं हटत नसेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर आमच्या दुकानात नव्हे, डॉक्टरकडे जा. शेवटचं लक्षण असेल तर त्याच दिवशी.