देवमाशाच्या दातातले थर

समुद्रातील सस्तन प्राण्यांचे आयुष्य बहुतांशी माणसाच्या नजरेआड जाते. स्पर्म व्हेल हा देवमासा श्वास घेण्यापुरता वर येतो आणि पुन्हा एक किलोमीटरहून खोल बुडी मारतो. त्यामुळे तो लहानपणी काय खात होता किंवा आईपासून केव्हा दुरावला, हे नुसत्या निरीक्षणातून कळणे फार कठीण असते. म्हणून असा प्राणी मरून किनाऱ्याला लागला, की अभ्यासक त्याचा एखादा दात आवर्जून काढून ठेवतात.

हाड आयुष्यभर झिजत आणि नव्याने घडत असते, त्यामुळे त्यात अलीकडच्या काही वर्षांची सरासरी तेवढी सापडते. दाताचा मुख्य भाग असलेल्या डेंटिनचे तसे नाही. दात असलेल्या देवमाशांना आणि डॉल्फिनना दातांचा एकच संच येतो, आणि दाताच्या आतील पोकळीच्या भिंतीवर वर्षागणिक डेंटिनचा नवा थर चढत राहतो. झाडाच्या खोडात नवे वलय बाहेरच्या बाजूला येते. इथे नवा थर आत येतो आणि जुना बाहेर राहतो. एकदा बसलेला थर पुढे जवळजवळ बदलत नाही. सीलच्या दातांतील अशा थरांवरून वय मोजता येते, हे 1950 च्या सुमारास स्पष्ट झाले. त्या थरांच्या रासायनिक घडणीकडे लक्ष गेले ते पुढे.

प्रयोगशाळेत दात हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने मधोमध उभा कापतात, घासून गुळगुळीत करतात आणि सौम्य आम्लात ठेवतात. थरांच्या रेषा उठून दिसू लागल्या, की अतिशय बारीक ड्रिलने एकेका थराची चिमूटभरही नसलेली भुकटी खरवडून घेतात. त्यातील कोलॅजेन हे प्रथिन वेगळे करून, मास स्पेक्ट्रोमीटरच्या साहाय्याने कार्बन आणि नायट्रोजन यांच्या जड व हलक्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे, प्रमाण मोजले जाते. भक्ष्याच्या तुलनेत भक्षकाच्या शरीरात जड नायट्रोजनचे प्रमाण हजारी सुमारे तीन ते चारने वाढते, त्यामुळे प्राणी अन्नसाखळीच्या कोणत्या पायरीवर होता ते कळते. कार्बनवरून तो किनाऱ्यालगत चरत होता की खुल्या समुद्रात, याचा अंदाज येतो.

मला यातील सर्वांत विलक्षण वाटतो तो जन्मानंतरचा पहिला थर. दूध पिणारे पिल्लू एका अर्थी आईच्या शरीरावरच पोसले जात असते, म्हणून अन्नसाखळीत ते आईच्याही एक पायरी वर दिसते. पुढील थरांत हे प्रमाण उतरत जाते, आणि त्या उतारावरून दूध केव्हा सुटत गेले ते ठरवता येते. आयुष्याची कित्येक दशके जगून मेलेल्या प्राण्याचे अंगावर पिण्याचे दिवस असे मोजता यावेत, याचे मला आजही नवल वाटते.

थर मोजण्याचे कामही वाटते तितके सरळ नाही. बेलुगा देवमाशाच्या दातात वर्षाला एक थर येतो की दोन, यावर दीर्घकाळ मतभेद होते. साठ थरांचा बेलुगा तीस वर्षांचा की साठ वर्षांचा, यावर त्याच्या प्रजननाचे आणि शिकारीच्या मर्यादेचे सगळे गणित अवलंबून असते. 1950 आणि 1960 च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेला कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन समुद्रात उतरला आणि दातांतही पोहोचला. तो नेमका कोणत्या थरापासून वाढलेला दिसतो हे तपासून 2006 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की वर्षाला एकच थर येतो.

नारव्हल या आर्क्टिकमधील देवमाशाचा लांब, पिळदार सुळा हाही दातच. वायव्य ग्रीनलंडमधील इनुइट शिकाऱ्यांनी मारलेल्या नारव्हलच्या दहा सुळ्यांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण 1990 पर्यंत हे प्राणी बर्फाशी निगडित असलेले हॅलिबट आणि कॉड हे मासे खात होते. नंतर बर्फ घटत गेला आणि त्यांचा आहार खुल्या समुद्रातील माशांकडे वळला. हे नवे भक्ष्य अन्नसाखळीत खालच्या पायरीवरचे असल्याने शरीरात साठणारा पारा कमी व्हायला हवा होता, आणि काही वर्षे तो कमी राहिलाही. परंतु 2000 नंतरच्या थरांत आहाराची पायरी न चढताही पारा वाढलेला आढळला. कोळसा जाळल्याने हवेत जाणारा पारा आणि तापमानवाढीमुळे आर्क्टिकमधील पाऱ्याच्या चक्रात झालेले बदल, ही त्याची संभाव्य कारणे संशोधकांनी मांडली आहेत.